घरमालकाचे हप्ते थकले आणि दारावर बँकेची नोटीस लागली, तर भाडेकरूने काय करायचं

दारावर बँकेचा कागद चिकटवलेला दिसला की पोटात गोळा येतो, साहजिक आहे. भाडं वेळेवर भरलंय, डिपॉझिट दिलंय, आपली काही चूक नाही आणि तरी आता बँक उद्या सकाळी येऊन सामान बाहेर काढणार असं वाटायला लागतं. तर पहिलं सांगतो, उद्या सकाळी कोणी येत नाही. कायद्यात टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दिवस जातात. पण हे दिवस गप्प बसून घालवले तर हातात काही उरत नाही, कारण बँकेच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा तुमचं नावच नसतं, बँकेच्या लेखी त्या फ्लॅटमध्ये कर्जदार राहतोय. तुम्ही तिथे आहात, कोणत्या कागदावर आहात आणि कधीपासून आहात हे बँकेला तुम्ही स्वतः सांगायचं, मालक सांगेल या भरवशावर राहायचं नाही.

मी हे सगळं महाराष्ट्रातल्या भाडेकरूंसाठी लिहितोय, आपल्याकडचे भाड्याचे नियम दुसऱ्या राज्यात जसेच्या तसे लागू नाहीत.

आधी नोटीस नीट वाचा

कागद फाडून टाकू नका, काढूही नका, मोबाईलवर सरळ फोटो घ्या, तारीख दिसेल असा. मग शांतपणे वाचा. वर बँकेचं किंवा हाऊसिंग फायनान्स कंपनीचं नाव असतं, खाली कर्जदाराचं आणि जामीनदारांचं नाव, थकलेली रक्कम आणि पुढे 'अधिक व्याज व खर्च', मग फ्लॅटचं वर्णन चतुःसीमेसकट, आणि शेवटी 'प्राधिकृत अधिकारी' म्हणून सही. यात तुमच्या कामाच्या गोष्टी तीनच: मागणी नोटीस कोणत्या तारखेची आहे, ताबा कोणत्या तारखेला घेतला असं लिहिलंय, आणि ताबा 'सांकेतिक' आहे की 'प्रत्यक्ष'. या तारखा वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

सांकेतिक ताबा म्हणजे कागदोपत्री ताबा. बँकेने नोटीस लावली, पेपरात छापली, पण कुलूप बदललं नाही, तुम्ही आत राहताय. प्रत्यक्ष ताबा म्हणजे खरोखर घर रिकामं करून किल्ली घेणं. घाबरलेली माणसं सांकेतिक ताब्याची नोटीस वाचूनच बॅगा भरायला लागतात, तशी गरज नसते.

प्रकरण इथपर्यंत येतं कसं

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक कर्जखातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत खातं, ठरवते. मग २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा, त्याच्या कलम १३(२) खाली कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. ही नोटीस मालकाच्या आणि जामीनदाराच्या नावाने असते, तुमच्या नाही, पण मालकाचा पत्ता म्हणून हाच फ्लॅट दिलेला असेल तर मालकाच्या नावाची बँकेची पाकिटं पोस्टाने तुमच्या दारात यायला लागतात. पाकीट उघडू नका, बाहेरून फोटो काढून मालकाला पाठवा आणि सरळ विचारा की दादा, लोनचं काही आहे का. उत्तर टाळलं तर समजून जा आणि तयारीला लागा.

६० दिवसांत पैसे भरले नाहीत की कलम १३(४) खाली ताब्याची नोटीस. ही घराच्या बाहेरच्या दारावर किंवा ठळक जागी लावावी लागते आणि ७ दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, म्हणून मराठी पेपरात मागच्या पानांवर त्या बारीक अक्षरातल्या चौकटी दिसतात. पुढे प्रत्यक्ष ताबा हवा असेल आणि आत माणसं असतील तर बँक कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करते. कायद्यात त्या आदेशासाठी ३० दिवस दिलेत, कारणं नोंदवून ते ६० पर्यंत नेता येतात, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त लागतात. लिलाव करायचा तर पहिल्या वेळी ३० दिवसांची विक्री नोटीस लागते, पहिला लिलाव फसला आणि परत करायचा असेल तर १५ दिवसांची.

म्हणजे मालकाने हप्ता चुकवल्यापासून तुमच्या दाराशी तहसीलदार येईपर्यंत बरेच महिने जातात. वाईट एवढंच की यातला मोठा भाग तुम्हाला न कळता निघून गेलेला असतो.

तुमच्या हातात नक्की कोणता कागद आहे

हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश घेतो.

आपण सगळे सर्रास स्वतःला भाडेकरू म्हणतो पण शहरांमध्ये बहुतेकांचा करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो, आणि कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा नाहीच, ती नुसती राहायची परवानगी आहे. भाडेपट्ट्यात घरात तुमचा हक्क तयार होतो, परवानगीत होत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चं कलम ५९ सांगतं की परवानगी देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्याला दिली तर नवा मालक त्या परवानगीने बांधला जात नाही. म्हणजे लिलावात ज्याने फ्लॅट घेतला तो म्हणू शकतो की तुमचा करार त्याच्याशी आहे, माझ्याशी नाही. ऐकायला कडू आहे पण हे आधी माहीत असलेलं बरं, कारण मग तुम्ही 'माझा करार मार्चपर्यंत आहे, मला कोणी हात लावू शकत नाही' या समजुतीवर पैसे आणि वेळ घालवणार नाही. तरी तुम्ही अगदी उघड्यावर नाही. त्याच कायद्याचं कलम ६३ म्हणतं की परवानगी रद्द झाली तर जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, आणि कलम ६४ प्रमाणे तुमची चूक नसताना मालकाने मुदतीआधी काढलं तर त्याच्याकडून भरपाई मागता येते.

दुसरा प्रकार म्हणजे खरा भाडेपट्टा, लीज. इथे तारखा जुळवून बघायच्या. लीज गहाणाच्या आधीची आणि रजिस्टर केलेली असेल तर तुमची बाजू मजबूत, बँकेने गहाण घेतलं तेव्हा तुम्ही आत होतातच, ते बघायचं काम बँकेचं होतं. लीज गहाणानंतरची असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६५-अ बघावं लागतं: भाडं बाजाराला धरून असायला हवं, आगाऊ भाडं किंवा पागडी घेतलेली चालत नाही, इमारतीची लीज तीन वर्षांपेक्षा जास्त नको, आणि गहाणखतात उलट काही लिहिलेलं नको. होम लोनच्या कागदात बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर भाड्याने द्यायचं नाही अशी अट बऱ्याचदा असते आणि मालकाने ती परवानगी घेतलेली नसते, हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून मालकाकडे बँकेचं एनओसी मागणं हा आगाऊपणा नाही.

आणि मागणी नोटीस गेल्यानंतर केलेली लीज जवळपास निरुपयोगी. कलम १३(१३) ने नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय मालकाला घर भाडेपट्ट्याने द्यायला बंदी आहे. म्हणून एकाएकी कोणी बाजारापेक्षा फारच कमी भाड्यात, मोठं डिपॉझिट घेऊन घर द्यायला निघाला असेल तर जरा थांबा.

तिसरा प्रकार मुंबईतला जुना, पागडीचा आणि भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू. इथे संरक्षण खरंच भक्कम आहे. २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने विशाल कलसारिया प्रकरणात सांगितलं की सरफेसीचा वापर करून भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षण दिलेल्या भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही. पण २०१९ मध्ये बजरंग अग्रवाल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेही स्पष्ट केलं की भाडेकरू असल्याचा पुरावा दाखवावा लागेल, आणि करार तोंडी किंवा रजिस्टर न केलेला असेल तर एका वर्षाच्या पुढे हक्क सांगता येणार नाही. कारणही समजण्यासारखं आहे, कर्ज बुडवायला निघालेले मालक नातेवाईकांना कागदोपत्री भाडेकरू बनवून बँकेला अडवत होते. त्यांच्यामुळे खऱ्या भाडेकरूवर पुराव्याचं ओझं आलं.

म्हणून पुरावे. रजिस्टर करार, भाड्याच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, यूपीआयचे व्यवहार, वीजबिल, गॅस कनेक्शनचा पत्ता, मुलांच्या शाळेतला पत्ता, पोलिस व्हेरिफिकेशनची पोच, सोसायटीला दिलेला भाडेकरूचा फॉर्म. रोख भाडं देऊन पावती न घेणाऱ्यांची इथे फार पंचाईत होते. करार रजिस्टर करायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे, तो टाळला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल मालकाशी वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. पण लक्षात घ्या, हा फायदा मालकाशी वादात आहे. बँकेसमोर रजिस्ट्रेशन नसलेला करार घेऊन उभं राहणं अवघडच.

भाडं कोणाला द्यायचं

भाडं थांबवू नका. मालक हप्ता भरत नाही म्हणून मी भाडं देत नाही, हा हिशोब कितीही बरोबर वाटला तरी त्याने तुम्हीच थकबाकीदार होता आणि मालकाला तुम्हाला काढायला आयतं कारण मिळतं. बँकेचं लेखी काही येत नाही तोपर्यंत भाडं मालकालाच, ठरल्या तारखेला, खात्यावरून खात्यात.

बँक कलम १३(४) खाली तुम्हाला लेखी नोटीस देऊन सांगू शकते की यापुढचं भाडं आमच्याकडे भरा. अशी नोटीस आली आणि तुम्ही त्याप्रमाणे भरलं तर कलम १३(५) प्रमाणे ते भाडं मालकाला दिल्यासारखंच धरलं जातं, मालक परत मागू शकत नाही. पण नोटीस खरी आहे का ते बघा. ज्या शाखेचं नाव आहे तिथे स्वतः जा, प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटा, खातं नंबर तिथूनच लिहून घ्या. दारात आलेल्या वसुली एजंटने तोंडी सांगितलं की भाडं आता मला द्या, तर एक रुपया देऊ नका. आणि कर्ज तुमचं नाही, त्यामुळे रात्री-अपरात्री फोन, धमक्या, शेजाऱ्यांसमोर तमाशा हे काही सहन करायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे खुद्द कर्जदारालाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, नसेल तर दार लावून घ्या आणि बँकेला लेखी तक्रार करा.

डिपॉझिटचं काय

इथे मला खरंच वाईट वाटतं, कारण नुकसान इथेच होतं. डिपॉझिट तुम्ही मालकाला दिलं, बँकेने ते घेतलेलं नाही, त्यामुळे बँक किंवा लिलावातला खरेदीदार ते परत करायला सहसा बांधील नसतो. आणि जो माणूस हप्ते भरू शकत नाही त्याच्याकडे तुमचं डिपॉझिट वेगळं ठेवलेलं असेल ही अपेक्षा फोलच.

त्यामुळे बँकेची भाडं वळवायची नोटीस यायच्या आधीच मालकाशी बोला, की राहिलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करू. तोंडी नको, एका कागदावर दोघांच्या सह्या, निदान व्हॉट्सॲपवर मालकाचं स्पष्ट 'चालेल'. मालकांनाही हे बऱ्याचदा सोयीचं वाटतं, एकरकमी द्यायचं टळतं. मालक ऐकत नसेल तर वकिलाकडून नोटीस, मग दिवाणी दावा, पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते तेवढी लक्षात ठेवा. कराराची मूळ प्रत आणि डिपॉझिट ज्या खात्यातून गेलं त्याचं स्टेटमेंट आत्ताच बाजूला काढून ठेवा.

बँकेला पत्र

नोटीस दिसल्याच्या आठवड्यात हे करा. साधं मराठीतलं पत्र चालतं, वकिलाची भाषा लागत नाही. असं काहीतरी:

'मी अमुक तारखेपासून सदर फ्लॅटमध्ये रजिस्टर करारावर राहत आहे. कराराचा दस्त क्रमांक, मुदत, भाडं आणि डिपॉझिट असे आहे. कराराची व भाडं भरल्याची प्रत सोबत जोडली आहे. मालमत्तेबाबत पुढील कोणतीही कारवाई करण्यापूर्वी मला लेखी कळवावे. भाडं आपल्याकडे भरायचे असल्यास तसे लेखी कळवावे. मुदत संपेपर्यंत अथवा पर्यायी जागा मिळेपर्यंत राहू द्यावे ही विनंती.'

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी शेवटची ओळ आवर्जून लिहावी, कारण तुमच्याकडे हक्कापेक्षा विनंतीचाच मार्ग जास्त चालतो, आणि तो चालतोही. बँकेला रिकामं, भांडण नसलेलं घर हवं असतं, लिलावात त्यालाच भाव येतो. शांतपणे अमुक तारखेला किल्ली देतो असं लेखी देणाऱ्या माणसाला महिना-दीड महिना मिळणं बँकेलाही पोलिस बंदोबस्तापेक्षा परवडतं. पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, शिवाय स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा.

डीआरटी

बँकेने ऐकलं नाही आणि तुमचा कागद भक्कम आहे, तर कर्जवसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी. साध्या दिवाणी कोर्टात जाऊन बँकेवर स्टे आणू असं कोणी सांगत असेल तर सावध, सरफेसीच्या कलम ३४ ने तो रस्ता सहसा बंदच आहे. महाराष्ट्रात डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. बँकेच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करावा लागतो, म्हणून सुरुवातीला तारखा लिहून ठेवायला सांगितलं.

२०१६ च्या दुरुस्तीने भाडेकरूंसाठी कलम १७(४-अ) आलं. डीआरटी त्यात एवढंच बघते: भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे का, तो कलम ६५-अ च्या विरुद्ध आहे का, गहाणाच्या अटींच्या विरुद्ध आहे का, आणि मागणी नोटिशीनंतर केलेला आहे का. या चारही प्रश्नांना तुमचं उत्तर 'नाही' असेल तर नक्की लढा, ताबा गेलेला असला तरी तो परत द्यायचा आदेश डीआरटी देऊ शकते. नुसता अर्ज टाकला म्हणून कारवाई थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

या दरम्यान मालक एखादा जुन्या तारखेचा करार पुढे करेल, यावर सही करा, दोघांचंही भलं होईल म्हणेल. अजिबात करू नका. स्टॅम्पपेपर कधी घेतला, दस्त कधी रजिस्टर झाला हे लगेच उघड होतं, आणि मग तुमचा खरा करारही खोटा ठरायला वेळ लागत नाही. तसंच गिऱ्हाईक मिळालंय, लवकर घर सोडा म्हणून पाणी किंवा वीज तोडली तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ जीवनावश्यक सेवा तोडायला मनाई करतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र विश्वासात घ्या, बँक त्यांच्याशी पत्रव्यवहार करत असते आणि लिलावाची बातमी आधी त्यांच्याकडे येते.

कर्ज पतसंस्थेचं असेल तर रस्ता वेगळा असतो, तिथे सरफेसी नसून सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि पुढे जप्ती असते, त्यामुळे नोटिशीवर कलम कोणतं लिहिलंय ते बघूनच वकील गाठा.

प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी

आदेश घेऊन तहसील कार्यालयाचे लोक किंवा कोर्ट कमिशनर आणि सोबत पोलिस आले तर दारात अडवून उभं राहू नका, त्याने उलट गुन्हा अंगावर येतो. आदेशाची प्रत मागा, वाचा, फोटो घ्या. डीआरटीची स्थगिती असेल तर तिथेच दाखवा. पंचनाम्यावर तुमचं सामान तुमचं म्हणून लिहून घ्या, फ्रिज, कपाट, पलंग एकेक करून, आणि तुमचं म्हणणं नोंदवल्याशिवाय सही करू नका. दागिने, सर्टिफिकेटं, औषधं, लॅपटॉप हे आधीच दुसरीकडे हलवलेलं असावं. काही सामान आत राहिलं तर ते न्यायला कोणत्या दिवशी दार उघडून मिळेल ते अधिकाऱ्याकडून लेखी घ्या.

पुढचं घर घेताना

पुढच्या वेळी टोकन द्यायच्या आधी थोडा शोध घ्या. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) आणि गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला दिलेली सूचना) शोधता येते, सरसाई (CERSAI), म्हणजे गहाणांची नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था, तिच्या साईटवर थोडी फी भरून मालमत्तेवर बोजा आहे का ते दिसतं. सेक्रेटरीला विचारा की शेअर सर्टिफिकेट मालकाकडे आहे की बँकेकडे, आणि मेंटेनन्स थकलाय का, मेंटेनन्स महिनोन्महिने थकवणाऱ्याचे हप्ते वेळेवर जात असतील का याचा विचार करा. कर्ज असणं वाईट नाही, अर्ध्या शहराची घरं कर्जावरच आहेत, थकलेलं नसावं एवढंच बघायचं. मालकाला लोनचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट दाखवायला सांगा आणि डिपॉझिट शक्य तेवढं कमी ठेवा. आणि करारात एक कलम टाकून घ्या: 'सदर मालमत्तेवर कर्ज असल्यास त्याचे हप्ते नियमित भरण्याची जबाबदारी मालकाची राहील. बँकेची कोणतीही नोटीस आल्यास मालक ती सात दिवसांत राहणाऱ्यास कळवील. बँकेच्या कारवाईमुळे मुदतीआधी जागा सोडावी लागल्यास लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू राहणार नाही व राहणाऱ्यास उरलेले भाडे डिपॉझिटमधून वळते करण्याचा अधिकार राहील.' करार करून देणारा एजंट म्हणेल की फॉरमॅटमध्ये हे बसत नाही, तर त्याला इतर अटींच्या रकान्यात टाकायला सांगा.